भोपळ्या बुडाला, त्यानंतर

आमच्या रांगेत सहा दुकानं. पहिलं माझं, बॅटऱ्यांचं. त्याला लागून ताईंचं, गाड्यांची सीट कव्हरं शिवायचं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं मशीन सुरू झालं की माझ्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींवर आपटायला लागतात. बारा वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे बसतोय, आणि बारा वर्षांत ताईंना सलग दहा मिनिटं एका जागी बसलेलं मी पाहिलेलं नाही. शिवणारी बाई आणि बसत नाही, म्हणजे कमालच. पण त्या एक शिवण मारायच्या, उठायच्या, दारात येऊन रस्ता बघायच्या, गिऱ्हाइकाच्या गाडीभोवती एक चक्कर टाकायच्या, मग पुन्हा मशीनवर. चहा उभ्यानेच. माझी बायको म्हणते, "ताईंच्या पायाला भिंगरी आहे." मी म्हणतो, "पायाला नाही, डोक्याला."

नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. दुकान विकून टाका, असं ज्याने त्याने सांगितलं. ताईंना तोवर गोधडीच्या टाक्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी काय केलं, भंगारातून जुनी सीटं आणली आणि ती उसवून उसवून शिकल्या. कुठला तुकडा कुठे जोडलाय, कोपरा कसा वळवलाय, स्पंज किती जाड आहे. "उसवल्याशिवाय शिवण कळत नाही," असं त्या अजूनही म्हणतात. आज त्यांच्या हातचं कव्हर सुरकुती पडू देत नाही.

तर अशा या बाईंच्या गळ्यात मुलीने आणि जावयाने एक कुत्रा घातला. त्यांच्या नव्या इमारतीत कुत्रा ठेवायला मनाई होती. आखूड पाय, पिंपासारखी छाती, चपटं नाक, आणि धडाच्या मानाने भलं मोठं डोकं. चालताना असा आवाज करायचा, जणू जुना पंप सुरू होतोय. नाव भोपळ्या. पहिल्या आठवड्यात ताई मला म्हणाल्या, "याला मी जास्त दिवस ठेवणार नाही." दुसऱ्या आठवड्यात त्याच्यासाठी उरलेल्या रेक्झिनची गादी शिवली, आणि तिला कडेने पायपिनची गोटसुद्धा लावली. तेव्हाच मी ओळखलं, की हा काही आता जात नाही.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मुलगी आणि जावई भेटायला आले आणि सगळी मंडळी भोपळ्याला घेऊन तलावावर गेली. तिथे काय झालं ते ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना दुकानाच्या दारात नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या.

जावई तसा चांगला माणूस. पण काही लोकांना सगळ्यातलं सगळं कळतं, त्यांतला एक. भोपळ्या पाण्याच्या काठाशी उभा राहून वास घेत होता. ताई म्हणाल्या, "पट्टा धरा हो, आत जाईल." जावई हसला. "आई, कुत्र्याला कोणी पोहायला शिकवतं का? जन्मतःच येतं ते. आणि भोपळा कधी बुडतो का?" असं म्हणून त्याने त्याला उचललं आणि कमरेइतक्या पाण्याच्या पुढे झोकून दिलं.

भोपळ्याने पाय मारले. चारही पाय, जोरजोरात. पण मागचा भाग खाली जायला लागला. मग तो पाण्यात उभाच राहिला, नाक वर, पुढचे पंजे हवेत. मग नाकही गेलं.

"एक आवाजसुद्धा नाही रे," ताई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, बुडणारा ओरडतो. हा नुसता गेला. पट्ट्याचं टोक तेवढं वर तरंगत होतं."

ताईंना पोहता येत नाही. तरी त्या कपड्यांनिशी गळ्यापर्यंत आत गेल्या आणि ते टोक पकडलं. तोवर जावयाला भान आलं, त्याने बुडी मारून कुत्र्याला वर काढलं. भोपळ्या खोकला, ओकला, आणि काठावर पसरला. जावयाचा चेहरा पांढराफटक. ताई त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. जावयाला कसं बोलायचं! मुलगीच बोलली, आणि ते ऐकण्यासारखं नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, "पाण्यात टाकलं की बहुतेक कुत्री पाय मारतात. पाय मारणं वेगळं आणि पोहणं वेगळं. याचं नाक बसकं, त्यामुळे श्वास घ्यायला डोकं मागे टाकावं लागतं. डोकं मागे टाकलं की शेपटीकडचा भाग बुडतो. त्यातून पाय आखूड. हा बादलीभर पाण्यातही घाबरेल." आणि मग, "दोन दिवस श्वासावर लक्ष ठेवा. पाणी छातीत गेलं असेल तर त्रास मागाहून सुरू होतो. धाप लागली, हिरड्या निळसर दिसल्या, तर तसेच उचलून आणा."

त्या दोन दिवसांत ताईंनी एकही सीट पुरं केलं नाही. मशीन दोन मिनिटं चालायचं आणि थांबायचं. थांबलं की मला कळायचं, बाई खाली वाकून त्या कुत्र्याच्या हिरड्या बघतायत. भोपळ्या बिचारा ओठ वर करून देऊन देऊन कंटाळला.

त्याला काही झालं नाही. झालं ते ताईंना. जाता-येता त्यांना पाणीच दिसायला लागलं. मागच्या अंगणातलं पिंप, त्याच्यावर झाकण. शेजारच्या गाडी धुणाऱ्याचा खड्डा, त्याच्यावर फळी. तलाव आमच्या गावापासून कितीसा लांब, आणि मुलगी-जावई पुन्हा येणारच. तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सलग मशीनचा आवाज आला, तेव्हा मी डोकावलो.

"जॅकेट," ताई मान वर न करता म्हणाल्या.

वरून केशरी रेक्झिन, आत सीटचा दोन बोटं जाड स्पंज, पोटाखालून बेल्टच्या दोन पट्ट्या, हनुवटीखाली एक उशी, आणि पाठीवर सुटकेसला असतं तसं धरायला हँडल. ते हँडल त्यांनी चार वेळा शिवलं, खाली कॅनव्हासची पट्टी घालून. मागच्या अंगणात पिंपाऐवजी मोठा टब आणला, त्यात पाणी भरलं आणि भोपळ्याला हळूच आत सोडलं. तरंगला की! पाच मिनिटं तो बदकासारखा टबात फिरला, रांगेतले सगळे दुकानदार बघायला जमले, आणि ताईंच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी रंग पाहिला.

त्या बघणाऱ्यांत मास्तर होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, दर रविवारी जलाशयावर स्वतःची छोटी होडी घेऊन मासे पकडायला जाणारे. त्यांचा कुत्रा तांबडा, उंच, लांब पायांचा. पोहण्यात पटाईत, पण आता तेरा वर्षांचा. "हल्ली अर्ध्यातच दमतो," मास्तर म्हणाले. "ताई, आमच्या तांबड्यालाही एक शिवा."

ताईंनी शिवलं. शनिवारी संध्याकाळी मास्तर ते घेऊन गेले.

रविवारी सकाळी मी घरी दाढी करत होतो. दार वाजलं नाही, बडवलं गेलं. बाहेर ताई, एका हातात भोपळ्याचा पट्टा, दुसऱ्या हातात ते केशरी जॅकेट, आणि त्यातून पाण्याची धार लागलेली.

"उचल," त्या म्हणाल्या. "उचलून बघ."

मी घेतलं आणि माझा हातच खाली गेला. ओल्या वाळूची पिशवी असावी तसं.

"भोपळ्याने चिखल लावला म्हणून धुवायला टबात भिजत टाकलं. तासाभराने बघते तर तळाशी. अरे, स्पंज! वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतेय, खिडकी उघडी ठेवू नका, सीट पाणी पितं. आणि मीच... सुईच्या प्रत्येक भोकातून आत गेलंय पाणी. पाच मिनिटं तरंगतं, मग दगड!"

"मग झालं तर. कळलं वेळेवर. दुसरं शिवा."

"मास्तरांच्या कुत्र्याच्या अंगावर आहे ना दुसरं!"

अर्ध्या गालाला साबण तसाच. मास्तरांच्या घरी फोन लावला. त्यांची बायको म्हणाली, "ते सातलाच गेले. फोन? फोन इथेच आहे ना, चार्जिंगला. मासे घाबरतात म्हणे." भोपळ्याला माझ्या बायकोच्या हवाली केलं आणि आम्ही स्कूटरवर निघालो. वाटेत ताईंनी दुकानाशी थांबायला लावलं, आत जाऊन सीटबेल्टच्या पट्टीचं अख्खं बंडल उचलून आणलं. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "मला काय माहीत कशाला! चल तू."

स्कूटरवर मागे बसलेलं माणूस इतकं हलू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. डावीकडून वाकून पुढे बघायच्या, उजवीकडून वाकून बघायच्या. दर दोन मिनिटांनी, "याच्यापेक्षा जोरात जात नाही का?" मी म्हटलं, "जाते, पण तुम्ही स्थिर बसलात तर." त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर बोटांनी ताल धरला.

जलाशयाचा बांध लांबलचक आहे. पाण्याच्या बाजूला दगड बसवलेला उतार, आणि पाण्याजवळच्या दगडांवर हिरवं गुळगुळीत शेवाळ. वर लोखंडी कठडा. मास्तरांची होडी चांगलीच आत होती, आणि तिच्या टोकाला केशरी ठिपका बसलेला दिसत होता. कोरडा. ताईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि हात वर करून हाका मारायला सुरुवात केली.

"मास्तर! अहो मास्तर! ते काढा! अंगातलं काढा त्याच्या!"

वारा आमच्याकडे तोंड करून होता. शब्द आमच्याच तोंडात परत येत होते. मास्तरांनी मान वळवली, आम्हाला ओळखलं, आणि हात हलवला. कानामागे हात धरून काहीतरी ऐकायचा प्रयत्न केला. मग त्यांना वाटलं, आपल्याला समजलं. शिवणारीण स्वतः आलीये आपलं जॅकेट बघायला! ते उठले, केशरी ठिपक्याला थोपटलं, आणि आमच्या दिशेने हात दाखवला.

तांबडा पाण्यात उतरला.

ताईंच्या तोंडून निघालेला आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही.

कुत्रा पोहत होता, सुरेख पोहत होता. पाठ सरळ, शेपूट मागे सुकाणूसारखं, सरळ आमच्याकडे. मास्तर मागे होडीत उभे राहून टाळ्या वाजवत होते. ताई बांधावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. "किती झालं? किती मिनिटं झाली?" माझ्याकडे घड्याळ नव्हतं. मी उगाच म्हटलं, "दोन." अर्धं अंतर आलं तेव्हा पाठ दिसेनाशी झाली. मग मान. मग फक्त काळं नाक आणि दोन कान, आणि वेग मंदावलेला. ताई ओरडायच्या थांबल्या होत्या. त्यांनी बंडल उलगडलं होतं, पट्टीचं एक टोक कठड्याला दोन वेढे देऊन बांधलं होतं, दुसरं माझ्या कमरेला आवळत होत्या.

"उडी मारायची नाही. त्या शेवाळावरून तू गेलास तर तुलाही वर येता यायचं नाही. पोटावर झोप आणि सरकत खाली जा. मी धरलंय."

मला पोहता येतं, म्हणजे बुडत नाही इतपत. मी झोपलो आणि पाय वर, डोकं खाली असा सरकलो. तांबडा काठापर्यंत आला होता! तेरा वर्षांचा म्हातारा, अंगावर ते पाणी प्यालेलं ओझं, तरी आला होता. पण चढणार कशावर? पुढचे पंजे दगडावर टेकवायचा, नखं खरवडल्याचा आवाज यायचा, आणि घसरून मागे. पुन्हा पंजे, पुन्हा मागे. माझ्याकडे बघत होता. तिसऱ्यांदा मागे गेला तेव्हा डोकं पाण्याखाली गेलं, आणि मी हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपडलो. बोटांना हँडल लागलं.

"मिळालं!"

ताईंनी ओढलं. पन्नाशी उलटलेली बाई, पण रेक्झिन ताणून ताणून दंड असे झालेत की कोणी पंजा लढवू नये. हँडलचा एक टाका सुटला नाही. आम्ही दोघं, मी आणि कुत्रा, इंच-इंच करत वर आलो. माझ्या शर्टाची बटणं त्या दगडांवरच राहिली.

तांबडा खोकला, अंग झाडायला गेला, पण ओझ्याने पडला. ताईंनी बेल्ट सोडून जॅकेट उतरवलं, तेव्हा कुठे तो नीट उभा राहिला आणि सगळं पाणी आमच्या अंगावर उडवलं. ताईंनी ताबडतोब त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या.

मास्तर होडी वल्हवत बांधाच्या पार टोकाच्या पायऱ्यांना लावून चालत आमच्यापाशी आले. चेहरा आनंदाने फुललेला. "पाहिलंत? काय पोहला! शेवटी थोडा दमला, नाही का?"

ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. स्पंज, टब, भोकं. एकही शब्द गाळला नाही, स्वतःला सोडलं नाही. मास्तर ऐकत गेले तसा चेहरा उतरत गेला. ते कुत्र्याजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिले. मग म्हणाले, अगदी शांतपणे, रागाने नव्हे, "ताई, आज मी त्याला पाण्यात सोडणारच नव्हतो. पाणी गार आहे. तुम्ही दिसलात म्हणून सोडलं."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सोडलंच असतंत ना. तेव्हा आम्ही नसतो." खरंच होतं ते. पण ताईंच्या कानात ते शिरलं नाही. त्यांनी पर्समधून ब्लेड काढलं आणि बांधावर चालता चालता ते जॅकेट उसवायला घेतलं. इकडून तिकडे. स्पंजाचे पिवळे तुकडे पिळून पिळून पिशवीत भरत होत्या. मी 'बसा' म्हटलं नाही. ओळखत होतो.

त्यानंतर पंधरा दिवस जॅकेटचं नाव काढायची सोय नव्हती. पण हात गप्प राहतात थोडेच. एके दिवशी त्यांनी व्यायाम करायच्या चटईचा तुकडा आणला, विटेखाली दाबून टबात ठेवला. दोन दिवसांनी काढून माझ्या दुकानातल्या काट्यावर, जिथे मी जुन्या बॅटऱ्या तोलतो, तिथे तोलला. वजन होतं तेवढंच. "हा पीत नाही," त्या म्हणाल्या. तरी विश्वास नाही. आणखी आठवडाभर बुडवला. मग कुठे कात्री लावली. पहिलं भोपळ्याला. ते घालून तो आता तलावाच्या उथळ कडेला पोटापर्यंत जातो, स्वतःच्या मर्जीने, लांब पट्ट्यावर, आणि पुढे जायचं नाव घेत नाही. ताई शेजारी गुडघाभर पाण्यात.

मध्ये जावयाचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मला भिंतीपलीकडून ऐकू आला. "आई, आता जॅकेट आहे म्हणे. मग पुन्हा जाऊ या तलावावर. आता बिनधास्त सोडता येईल."

मशीन थांबलं. मग ताई म्हणाल्या, "जावईबापू, त्या दिवशी बोलले नाही, आज बोलते. जॅकेट म्हणजे राखण नव्हे. त्याला जन्मतः काय येतं ते तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. त्याला त्याच्या पायाने जाऊ द्यायचं, आणि तो बाहेर कुठून येणार ते आधी बघायचं. मला हे कुत्र्याला बुडवता बुडवता कळलं. तुम्हालाही तसंच कळलंय."

पलीकडून बारीक आवाजात, "त्याच्या मनात माझ्याबद्दल राग असेल का, आई?"

"कुत्रा राग धरत नाही," ताई म्हणाल्या. "मी धरते." आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी स्वतःच परत लावला आणि जेवलात का म्हणून विचारलं.

जॅकेटं मागायला लोक यायला लागले. ताई त्यांना उभं करून प्रश्न विचारतात: वजन किती, वय किती, नाक कसं, पाण्यातून बाहेर यायला उतार आहे का, तुम्ही कुठे असणार. एकजण म्हणाला, "मी काठावर झोपणार, म्हणून तर जॅकेट हवंय." त्याला त्यांनी दाराबाहेर काढलं.

मास्तर तीनदा आले. तिन्ही वेळा ताई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही शिवणार." चौथ्यांदा ते तांबड्यालाच घेऊन आले. त्याने ताईंच्या पायावर हनुवटी टेकवली आणि तिथेच झोपला. मग काय करणार? ताईंनी टेप काढली. छाती मोजली, मान मोजली, पोट मोजलं. मी दारात उभा होतो. आकडे लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, होडी उलटली तर तुम्ही याला धरणार की हा तुम्हाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला स्वतःला पोहता येतं ना?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला. बावीस वर्षं हा माणूस दर रविवारी त्या पाण्यावर जातोय.

"नाही," ते म्हणाले. "तसा कधी प्रसंगच नाही आला."

ताईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी टेप झटकून सरळ केली.

"उभे राहा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "हात वर. आणि श्वास रोखू नका, माप चुकतं."